कबरस्तानामागचा वळसा

—नाही म्हणजे नाही, साहेब. किती वेळा सांगू? घोडा लंगडतो. पुढचा उजवा पाय. तुम्ही पेट्या आणल्यात, नकाशा आणलात, एवढ्या खडकाळ वाटेनं कंबर मोडून घेत आलात, सगळं खरं — पण घोड्याला त्याचं काय? मुकं जनावर ते. आणि मीही सत्तरी ओलांडली. दुसरा कुणी बघा, गावात घोडे काय कमी आहेत? — काय? बाहेर बघितलात त्याला? केव्हा? — हं. उड्या मारत होता? — बरं, मग नसेल लंगडत. काल लंगडत होता. परवा. हसू नका, म्हातारा माणूस एखादं खोटं बोलला तर त्याला काय सुळावर द्यायचं? बसा आता. नाव काय म्हणालात? एल्दियार. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, तिकडं रशियात ट्रक चालवतो — तेव्हा साहेब आणि तुम्ही पुरे झालं, तू म्हणतो. चहा घे. अर्धाच पियाला दिला म्हणून तोंड वाकडं करू नको, शहरात तुम्ही गळ्यापर्यंत भरता, ठाऊक आहे मला. इथं अर्धा दिला म्हणजे अजून बस. भरून दिला की उठायचं.

रोटी तोड. पालथी ठेवू नको रे — हां, अशी. साय घे तिच्यावर, आजच्याच दुधाची आहे. चांगली आहे ना? गाय डोक्यानं वाईट, पण दुधाला चांगली. माझी नाही ती. हे घरही माझं नाही. ही किटली, हा गालिचा, त्या कोनाड्यातली अंथरुणं — यातलं काही माझं नाही, मी आपला राखणदार. बहिणीचं आहे सगळं. सोनुनबू तिचं नाव, माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी. माझं घर ओढ्यापलीकडं होतं, उन्हाच्या बाजूला. येताना पुलावरून तो मातीचा डोंगर बघितलास ना, ज्याच्यावर आता गवत आलंय — त्याच्या खाली. ते जाऊ दे. नकाशा दाखव. येणार नाही ते नाहीच, पण बघायला काय पैसे पडतात?

थांब, चष्मा — हा बघ कपाळावरच. तर हा ओढा. ही आमची डोंगराची सोंड, वरच्या पांढऱ्या खडकापासून खाली जुन्या अक्रोडापर्यंत. सोंडेच्या ह्या अंगाला उन्हाचा उतार, त्या अंगाला सावलीचा, आणि दोन्हींच्या पायथ्याला आमची घरं; सोंड संपते तिथून ओढा मधून जातो, सावलीची ही घरं अलीकडं, उन्हाची पलीकडं — बरोबर काढलंय. आणि हे ठिपके म्हणजे पेट्या? जागा ठाऊक नसताना ठिपके कसे काढलेस? — अंदाजे. ड्रोननं वरून टाकल्या, गडगडत जिथं गेल्या तिथं गेल्या. मागच्या खेपेलाही तसंच केलं होतं. उतारावर माणसानं पाय ठेवायचा नाही, भेगा पडल्यात, कबूल. मला नको शिकवू, मला ठाऊक आहे सगळं. साबणाच्या वडीएवढी पेटी, माती सरकली की ओरडायचं एवढी अक्कल तिच्या पोटात असते, पण आपण कुठं पडलोय याचा तिला पत्ता नसतो. जागा ओळखणारं यंत्र महाग, वर बॅटरी खातं — एकेका पेटीत बसवायचं तर तुमचं ऑफिस विकायला काढावं लागेल. म्हणून ते एकच, घोड्याच्या पाठीवर. घोडा चालतो, यंत्र दर पाच पावलांना हाक मारतं — मी इथं आहे, आता इथं आहे, आता इथं — आणि पेट्या पडल्या जागी ऐकत बसतात. हाक मोठी तर घोडा जवळ, बारीक तर लांब, आणि त्यावरून त्या आपापला ठाव काढतात. बरोबर की नाही? बघ, आ वासलास. मेंढरामागं फिरणाऱ्याला काय कळतंय, असं वाटलं असेल. — मग ड्रोनलाच का नाही टांगत ते यंत्र? — वारा. हो, आमचा वारा तुझ्या त्या चिलटाला दोन मिनिटं टिकू द्यायचा नाही. शिवाय सोंडेवर कुठली माती पाय धरते आणि कुठली गिळते, ते मला आणि माझ्या ह्या घोड्याला, काशकालाच ठाऊक. म्हणून तुम्ही सगळे फिरून फिरून माझ्याच दारात.

कुणी शिकवलं म्हणजे? आयकेरीमनं. तुझ्या आधीची. तू तिला बघितलेलं नसणार. तीन वर्षं झाली, शरद संपत आला होता. सव्वीस-सत्तावीसची पोर, वाऱ्यानं उडेल अशी, पण जिभेला धार. पहिल्याच दिवशी, काकाला हाक मारावी तसं, मला म्हणाली, 'आके, तुम्ही सोंडेवरून सरळ चालत जाल, मला ठाऊक आहे. सगळे मेंढपाळ सरळ चालतात. पण सरळ चाललात तर माझं सगळं मुसळ केरात.' मी म्हटलं, का गं बाई, सरळ चालणाऱ्याला खुदा आवडतो म्हणतात. तर ती म्हणाली, 'आके, पेटीला एकच कान असतो.' मला काही कळेना. मग तिनं काय केलं — ह्याच अंगणात, बघ, त्या खुंटापाशी — मला तिथं उभं केलं, माझ्या एका कानात लोकर कोंबली, डोळ्यांवर माझ्याच बहिणीची ओढणी बांधली, आणि ह्या किटलीचं झाकण चमच्यानं वाजवत वाजवत माझ्या एका बाजूनं सरळ रेषेत चालत गेली. 'सांगा, मी कुठल्या बाजूनं गेले?' मी छाती ठोकून म्हणालो, डावीकडून. सोनुनबू पोट धरून हसली. म्हणाली, 'म्हातारपणी भावाला शाळेत घातलंय, आणि पहिल्याच दिवशी नापास.' पोर उजवीकडून गेली होती! मग आयकेरीम म्हणाली, 'आता बघा,' आणि परत तसंच वाजवत निघाली, पण मध्येच 'माझ्या उजव्या हाताला वळतेय' असं सांगून त्या अंगाला आत आली. झाकणाचा आवाज मोठा झाला की लगेच! मी ओरडलो, त्याच अंगाला! तुझ्या उजव्या अंगाला आहे मी! — 'बास,' ती म्हणाली, 'पेट्यांना तेवढंच हवं असतं. सरळ गेलात तर घोडा किती लांब ते त्यांना कळतं, पण आपण सोंडेच्या कुठल्या अंगाला पडलोय ते कळत नाही. उन्हाची पेटी म्हणेल मी सावलीत, सावलीची म्हणेल मी उन्हात. तुम्ही एका अंगाला वळसा घेतलात की त्या अंगाच्यांना हाक मोठी होते, पलीकडच्यांना बारीक. मग त्या चुकत नाहीत.' किती सोपं. मी मेंढरांना आजही असंच सांगतो — हसतोस काय, मेंढरं ऐकतात तरी.

वळसा कुठं — हा बघ, इथं, कबरस्तानापाशी. सोंडेवरून सगळीकडं उतरता येत नाही, माती कुजलेली आहे, पण कबरस्तानाच्या वरच्या अंगाला उन्हाकडं एक खडकाळ पायरी आहे, ती पक्की. तिनं रेघ मारून दिली होती लाल पेन्सिलीनं. पांढऱ्या खडकापासून खाली, कबरस्तान आलं की उन्हाकडं उतरायचं, कबरींच्या मागून फिरून परत सोंडेवर, मग अक्रोड. अर्ध्या तासाचा वळसा. आणि तसा मी — तसा गेलो. गेलो म्हणजे — थांब, चहा घालतो. दे इकडं पियाला.

हा कुठला कागद? जुना? त्या वेळचा? — यंत्रात राहिलेली नोंद. कुणी दिला तुला? ऑफिसच्या कपाटात पडून होता. असं. म्हणजे तुमची कपाटं मेलेल्यांचंही जपून ठेवतात. — हो, दिसतंय मला, चष्मा आहे डोळ्यांवर. रेघ सरळ आहे. खडकापासून अक्रोडापर्यंत, सुतानं मारल्यासारखी. — हो. — अरे पण कबरींच्या उशाच्या वरून घोडा नेत नाहीत आमच्यात, रीत आहे, तुझ्या आजोबाला विचार जा! जिवंत असेल तर. मेलेला माणूस खाली आणि जनावराच्या टापा वर, हे कुणाच्या घरात चालतं? तू शहरातला, तुला काय त्याचं, तुम्ही कबरस्तानाशेजारी गाड्या धुता. आमच्यात घोड्यावरून उतरतात, लगाम धरतात, तळहात तोंडावरून फिरवतात, चार शब्द पुटपुटतात, आणि खालच्या अंगानं — हं. — हो. खालच्या अंगानंच जातात असं काही नाही. खरंय. उतरून, चार शब्द म्हणून, वरूनही जाता येतं. गरज पडली तर. माझा बाप जायचा. इमामानंही त्या वेळी सांगितलं होतं, लोकांच्या जिवाचं काम आहे, जा, पाप नाही. तुला कसं ठाऊक पण? — आजोबांनी सांगितलं. च्यायला तुझ्या आजोबांच्या.

बरं, ऐक. रीत-बीत काही नाही. खुदाशप्पथ, रीत मी नंतर शोधून काढली. माझी बायको तिथं होती. बुर्माकान. त्याच शरदात गेली, वळशाच्या आधी दीड महिना. वरच्या ओळीत शेवटची कबर, माती अजून काळी होती, दगड बसवायचा राहिला होता. वरच्या कुरणावर होतो आम्ही, पोटात दुखायला लागलं तिच्या, मी म्हटलं सकाळी बघू, मेंढरं खाली घ्यायची आहेत — आणि सकाळी काशकावर बसवून खाली आणायला निघालो. मी पुढं लगाम धरून, ती वर. दोन तास ती बोलत होती. म्हणजे मला शिव्या देत होती, की हळू चाल, हाडं मोडतील. मग गप्प झाली. मला वाटलं डोळा लागला. त्याच सोंडेवर. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही मी, म्हटलं झोपू दे जरा. काशका थांबला तेव्हा मला कळलं. घोड्याला आधी कळलं, मला नंतर. आणि पुरतानाही तो घोडा कुंपणापाशी मान टाकून उभा राहिला तो हलेना, चार माणसांनी ओढला. आता तू सांग. तोच घोडा, तोच मी, तीच सोंड, दीड महिन्यानं. पाठीवर आता यंत्र, दर पाच पावलांना म्हणतंय मी इथं आहे, मी इथं आहे — आणि कबरस्तान आलं. काशका थांबला. मी लगाम ओढला, तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता ह्याला ओढून तिच्या उशाशी नेलं तर मी तिथंच बसेन, आणि मग मला कुणी उठवू शकणार नाही. घाबरलो. दुसरा शब्द नाही, घाबरलो. त्याचं तोंड अक्रोडाकडं वळवलं आणि सरळ खाली आलो. अर्ध्या तासाचा वळसा, एल्दियार. घरच्या सगळ्या रोट्या भाजून होतात तेवढा वेळ.

खाली आयकेरीम यंत्राच्या पडद्यासमोर बसली होती, अंगाभोवती घोंगडं गुंडाळून. नाक लाल. म्हणाली, 'आके, रेघ सरळ दिसतेय. वळसा घेतलात ना?' आणि मी म्हणालो, 'घेतला, पोरी.' जीभ चाचरलीसुद्धा नाही. तिनं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, 'म्हणजे यंत्रच चुकलं. डोंगराच्या आडोशाला कधी कधी असं होतं.' बघ हां — समोर यंत्र सांगतंय सरळ, आणि पांढऱ्या दाढीचा माणूस सांगतोय वळसा. तिनं कुणाचं ऐकलं? तिला घरी असंच शिकवलं असणार, वडीलधाऱ्याच्या शब्दावर पुन्हा प्रश्न विचारायचा नाही. मी वाट बघत होतो, ती म्हणेल उद्या पुन्हा एकदा जाऊन या. म्हणाली असती तर गेलोही असतो कदाचित. पण दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं आणि वाट बंद झाली. हिवाळाभर मी स्वतःला सांगत होतो, पेट्या हुशार आहेत, काढतील आपापलं.

नंतरचं तुला कागदावर ठाऊकच आहे. चैत आला, चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या दिवशी भर दुपारी शाळेवरचा भोंगा वाजला. नऊ पेट्या ओरडत होत्या. पेट्यांची काही चूक नव्हती रे, माती सरकत होती आणि त्या जीव तोडून ओरडत होत्या, फक्त नकाशावर त्या नऊच्या नऊ सावलीच्या अंगाला दिसत होत्या. मग काय, माणसं धावत आली, सावलीकडची घरं खाली करा, ओढ्यापलीकडं उन्हाकडं चला! चौदा घरं. पोरं, म्हाताऱ्या, कोंबड्या, गालिचे, सगळी पुलावरून पलीकडं. बरेचसे लांब शाळेत गेले, ते वाचले. पण ज्यांचे नातेवाईक उन्हाच्या बाजूला होते ते नातेवाइकांकडं गेले, आपल्यात पाहुण्याला शाळेच्या बाकावर कोण झोपवतं? मी स्वतः इथं आलो. ह्या दारात उभा राहिलो. सोनुनबू म्हणाली, 'दादा, मला नाही वाटत इथलं काही हलतंय, माझी किटलीसुद्धा हलत नाही.' मी म्हटलं, तुझ्या किटलीपेक्षा त्या पेट्यांना जास्त कळतं, चल. ती म्हणाली, 'तुझी खात्री आहे?' — दंडाला धरून नेली मी तिला. ह्या हातानं. माझ्या घरात बसवली, चुलीजवळ, तिच्या वहिनीची, बुर्माकानची जुनी शाल पांघरायला दिली. ओली झाली होती. आणि तिथं बसल्या बसल्या तिला आठवलं, गाय राहिली. म्हणाली, 'दादा, गाय आण, तिच्या दुधाची वेळ झालीय, ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.' मी चिडलो. म्हटलं, मरू दे तुझी गाय. ती शाल बाजूला ठेवून स्वतःच उठायला लागली. मग आलो परत, दुसरं काय.

आणि गाय येईना! त्या खुंटाला पाय रोवून उभी. मी शिव्या देतोय, शेपटी पिरगाळतोय — आणि मागं आवाज झाला. फार मोठा नव्हता, लोकांना वाटतं मोठा असतो. पोतं ओतल्यासारखा. वळून बघितलं तर ओढ्यापलीकडं माझं घर नव्हतं. जर्दाळूची झाडं नव्हती. धूळही नव्हती, माती ओली होती ना. नुसता उतार, नवा, चकचकीत. सात माणसं. सहा सापडली. सोनुनबू नाही. अकरा दिवस खणलं. मग मशीनवाले म्हणाले, वरची माती पुन्हा सरकेल, आणि इमामानं त्या ढिगाऱ्याकडं तोंड करून प्रार्थना म्हटली. तिला कबर नाही, तोच ढीग तिची कबर. आणि हे घर बघ. भिंतीला तडा नाही. तीन वर्षं मी ह्या घरात राहतोय आणि किटली हललेली नाही.

आयकेरीम आली होती. सातव्या दिवशी. अंगणात उभी, घोंगड्याशिवाय, एवढीशी. चौकशीवाले तिला विचारून गेले होते, मला माहीत होतं. मी दारात होतो. मला वाटलं, आता विचारील, 'आके, वळसा घेतलात ना?' — आणि मी सांगेन. तोंडात तयार होतं. ती म्हणाली, 'आके, काही खाल्लंत का?' एवढंच. मी म्हणालो, खाल्लं. तेही खोटं. ती गेली. मग ऐकलं की तिला काढून टाकलं, आणि मग ऐकलं की मॉस्कोत कुठल्याशा दुकानात फरशा पुसते. अशी हुशार पोर. मी मनाची समजूत घातली, की नोंदीकडं नीट बघितलं नाही म्हणून काढली असेल, ती तिची चूक, माझी माझी. दोन वेगळ्या चुका. अशी वाटणी करून मी तीन वर्षं जेवतोय.

— काय? अहवालात काय लिहिलंय म्हणजे? तिच्या हातचं? आहे तुझ्याकडं? वाच. नको, चष्म्यानंही अक्षर लागत नाही मला, तूच वाच.

— पुन्हा वाच.

'मार्ग आखताना कबरस्तानाजवळ वळसा ठेवायचं मी विसरले. घोडेवाल्यानं मी दिलेल्या रेघेप्रमाणंच काम केलं. त्याचा काही दोष नाही.' — आणि खाली सही. तिची सही. — विसरली? ती विसरली? अरे, किटलीचं झाकण वाजवत होती ती ह्या अंगणात! लाल पेन्सिल होती! माझ्या टोपीत ठेवली होती तिनं रेघ, घडी घालून, की पावसात भिजू नये! — गप्प बस. समजावू नको मला. जरा गप्प बस.

तिला ठाऊक होतं. अंगणात आली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं, आणि तिनं विचारलं की खाल्लंत का. बहीण गेलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर सात मुडदे कशाला ठेवायचे, असं वाटलं असेल तिला. आणि मी खाल्लं म्हणालो. लाज नाही वाटली मला. लिही. पेन आहे ना? लिही, ओरोझबायनं वळसा घेतला नाही. रेघ बरोबर होती. पोरीनं विचारलं तेव्हा तो खोटं बोलला. तारीख घाल. सही कुठं करू? — इथं. अंगठा नाही, सही येते मला, शाळेत गेलोय. हा कागद त्याच कपाटात ठेव, तिच्या कागदाच्या वर. आणि तिचा फोन नंबर शोध. ऑफिसात कुणाकडं तरी असेल. नसेल तर तिच्या आईकडं असेल. काय बोलायचं ते मी बघेन. नंबर शोध तू.

आता तो नवा नकाशा दे. वळसा कुठं ठेवलास? — कबरस्तानामागची पायरी गेली, हो, ती मातीबरोबर गेली. मग इथं? ढिगाऱ्यावरून? — तीच एक जागा आता पक्की. खरंय. दाबून दगड झालीय. ही चिंचोळी रेघ — हे वळण — हे माझ्या चुलीवरून जातंय, एल्दियार. ठाऊक आहे तुला? नव्हतं ठाऊक. बघ ना कसं असतं. त्या वेळी रीत आडवी येत नव्हती तर मी तिला ओढून आणली. आता ती खरोखरच आडवी पडलीय, घोडा न्यायचा तो बहिणीच्या छातीवरून, आणि आता नाही म्हणायची सोय नाही. सावलीकडं आता बावीस घरं आहेत, उन्हाकडचे उरलेलेही इकडंच येऊन राहिलेत. त्यातल्या एका घरात परवाच जुळं झालंय, आणि उतारावर पुन्हा भेगा आहेत, मी रोज बघतो.

येतो. सकाळी ये, दव उतरल्यावर. काशकाला मी लगाम धरून नेईन, वर बसायचं नाही, आणि ढिगाऱ्यावर बूट काढीन. तो थांबेल. कबरस्तानापाशी थांबतोच, आणि चुलीच्या जागीही थांबेल बहुतेक. त्याला वेळ देऊ, मग ओढू. मी खाली बसलो तर मला ओढ. आणि एक — तू खाली पडद्यासमोर बसायचं नाहीस. माझ्या मागं चालायचं, शेवटपर्यंत, तुझे ते शहरी बूट फाटले तरी. आणि खाली आल्यावर मला विचारायचं नाही, 'आके, वळसा घेतलात ना.' मी हो म्हणेन. जीभ चाचरणार नाही माझी, मला माहीत आहे ती. तू डोळ्यांनी बघ.

ऐकलंस, हंबरतेय. तिच्या दुधाची वेळ झाली, आणि अजूनही मला नीट हात लावू देत नाही, तीन वर्षं झाली तरी. आण तो पियाला. घे, हा भरून दिलाय. पी आणि ऊठ.